शिपायाचं आख्यान

परवा भाच्याने माझ्या मोबाइलवर ‘द ट्रान्सपोर्ट्स’ हे इंग्रजी गीतनाट्य शोधून दिलं. ‘मावशी, ती कॅसेट आता टाकून दे,’ म्हणाला, स्पीकर जोडला आणि निघून गेला. मी मेथी निवडायला बसले. पहिल्याच गाण्यात जहाज भर समुद्रात. दुसऱ्यात चोरी अजून व्हायची होती. तिसऱ्यात तुरुंगाचा शिपाई तान्हं बाळ घेऊन वणवण करत होता आणि चौथ्यात त्या बाळाची आई कुमारिका होती, एका घरी कामाला होती. म्हणजे बाळ जन्माच्या आधीच प्लिमथला पोचलं होतं.

शफल नावाचं बटण चालू राहिलं होतं, एवढंच. पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच. उद्या हे लोक गीतरामायण लावतील आणि सेतू बांधून झाल्यावर पुत्रकामेष्टी यज्ञ ऐकतील. गोष्ट सांगणाऱ्या तबकडीला ‘गाण्यांची यादी’ समजणाऱ्यांबद्दल माझ्या मनात जुनी अढी आहे. ‘यातलं सगळ्यात चांगलं गाणं कुठलं?’ असं विचारणाऱ्यांबद्दलही. आख्यान लावलेल्या बुवांना कुणी विचारतं का, की यातला चांगला अभंग तेवढा म्हणा म्हणून?

ही कॅसेट माझ्याकडे ऐंशीच्या दशकात आली. शाळेतल्या, लेस्टरला दिलेल्या मैत्रिणीने दोन तबकड्यांवरून उतरवून पाठवली होती. कव्हरवर तिच्या बारीक अक्षरात गाण्यांची नावं, खाली एक ओळ : ‘तुझ्या आबांच्या खात्यातली गोष्ट आहे.’ तेवढ्यासाठी मी ती ऐकली. नाहीतर इंग्रजी लोकगीतांशी माझा काय संबंध? बँकेत नोकरी, लोकलचा प्रवास, कानात वॉकमन. उच्चार कळायचे नाहीत. नॉरफोकच्या खेड्यातली बोली माझ्या कॉन्व्हेंट नसलेल्या इंग्रजीला कशी पेलणार? पण डोंबिवली ते व्हीटी रोज ऐकताना गोष्ट हळूहळू उलगडत गेली.

गोष्ट खरी आहे. 1783 साली हेन्री केबल नावाचा पोरगा बापाबरोबर आणि बापाच्या एका साथीदाराबरोबर घरफोडीत सापडला. तिघांनाही फाशी झाली. ऐनवेळी पोराची रद्द होऊन त्याला काळं पाणी मिळालं, आणि बाप आणि तो साथीदार नॉरिचच्या किल्ल्यावर लटकले. पुढच्या वर्षी सुझॅना होम्स त्याच तुरुंगात आली. मालकाच्या घरातून चोरी. तिचीही फाशी उतरून चौदा वर्षांची हद्दपारी झालेली. पण पाठवायचं कुठे? इतकी वर्षं इंग्रजांचे कैदी अमेरिकेला जात. अमेरिका स्वतंत्र झाली आणि तो रस्ता बंद झाला. तुरुंग तुंबले, बंदरात जुनी जहाजं नांगरून त्यांत माणसं कोंबली गेली. त्या तुंबलेल्या काळात नॉरिचच्या किल्ल्यात या दोघांचं प्रेम जमलं आणि बाळ झालं. लग्नाची परवानगी मिळाली नाही.

1786 मध्ये ऑस्ट्रेलियाचं ठरलं. सुझॅनाला बाळासह प्लिमथला न्यायचं काम जॉन सिम्पसन नावाच्या तुरुंगातल्या शिपायावर आलं. हेन्रीला मागेच ठेवलं. प्लिमथला नांगरलेल्या जहाजाच्या कप्तानाने कागद पाहिला. त्यावर बाईचं नाव होतं, बाळाचं नव्हतं. त्याने बाई घेतली आणि बाळ परत केलं.

आता सिम्पसनचं काम तसं संपलं होतं. हुकमाप्रमाणे कैदी पोचवला होता. मूल अनाथालयात टाकून तो परत गेला असता तर कुणी त्याला जाब विचारला नसता. त्याने दूधपित्या बाळाला घेतलं, टपालाच्या घोडागाडीत बसला आणि दोनशेहून अधिक मैलांवर लंडन गाठलं. थेट गृहमंत्र्याच्या घरी. लॉर्ड सिडनी घरातून बाहेर पडत असताना त्याला गाठून सगळं सांगितलं. आई-बाळाला एकत्र करायचा आणि बापालाही त्यांच्याबरोबर पाठवायचा हुकूम पदरात पाडून घेतला, आणि बाळ घेऊन पुन्हा प्लिमथला गेला. पुढे ज्या शहराला सिडनीचं नाव मिळालं त्याच शहरात ही तिघं उतरली.

पीटर बेलॅमी नॉरफोकात वाढलेला गायक. ही हकीकत त्याला स्थानिक वर्तमानपत्रात मिळाली आणि त्याने तिच्यावर अख्खा गीतनाट्याचा डोलारा रचला. तो 1977 साली फ्री रीड कंपनीने दोन तबकड्यांत काढला. वाद्यमेळ डॉली कॉलिन्सचा. हेन्री गातो माइक वॉटरसन आणि सुझॅना नॉर्मा वॉटरसन. हे दोघं हलच्या गाणाऱ्या घराण्यातले सख्खे भाऊबहीण. मला हे कळलं तेव्हा जरा चमकायला झालं, पण लगेच वाटलं, आमच्या गावच्या जत्रेतल्या तमाशातसुद्धा राजा आणि राणी एकाच घरातले असायचे. खर्च वाचतो आणि सूर जुळतो. हेन्रीची आई जून टेबर, बाप निक जोन्स. सगळी गाणी बेलॅमीने स्वतः रचलेली, पण चाली अशा, की शे-दोनशे वर्षं कुणाकुणाच्या तोंडून घासून आल्यासारख्या. ‘रोल डाउन’ हे त्यातलं खलाशांचं गाणं आज कितीतरी लोक जुनं, अनामिक समजून गातात. कर्त्याचं नाव पुसलं जावं इतकं गाणं चालावं, हा त्या जातीच्या कवीचा सन्मान असेलही. मला मात्र बेलॅमीसाठी वाईट वाटतं. पुढे त्याची कामं आटत गेली आणि 1991 साली सत्तेचाळिसाव्या वर्षी त्याने स्वतःला संपवलं.

बेलॅमी किपलिंगवेडा होता. डाव्या विचारांच्या इंग्रजी लोकसंगीतवाल्यांत साम्राज्याच्या या कवीचं नाव काढणं म्हणजे पंगतीत मासळी वाढण्यासारखं होतं, पण बेलॅमी हट्टाने त्याच्या कवितांना चाली लावत राहिला. किपलिंगचा जन्म 1865 चा, आमच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. बाप तिथे शिकवायचा. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरचं कोरीवकाम त्याचंच. मी महिन्याचं सामान आणायला त्या दाराखालून जाई, तेव्हा वाटायचं, एवढं प्रेम करण्यासारखं बेलॅमीला त्या किपलिंगमध्ये काय सापडलं असेल? माझा अंदाज असा, की राज्य चालवणाऱ्याच्या हाताखालचा माणूस. साधा शिपाई, सोजीर, हुकमाचा ताबेदार. त्याच्या तोंडून बोलायचं कसं, हे बेलॅमी किपलिंगकडून शिकला असावा. म्हणूनच त्याच्या गोष्टीत सिम्पसन नुसता निरोप्या राहत नाही. त्याला स्वतःचं गाणं मिळतं.

माझे आबा तुरुंग खात्यात शिपाई होते. आमचं बालपण लाइनीत गेलं. भिंतीपलीकडे गिनतीची घंटा झाली की आई कुकर लावायची. एका रात्री आबा खांद्यावर झोपलेलं एक पोर घेऊन घरी आले. तुरुंगात आईजवळ वाढलेला मुलगा. वय झालं म्हणून आता त्याला बाहेर काढायचं होतं. माणदेशातल्या त्याच्या आजीने न्यायला यायचं ठरलं होतं, ती आली नव्हती. आईने त्याला दूधभात भरवला. जेवून झाल्यावर तो दाराशी जाऊन उभा राहिला. अंथरूण घातलं तरी आडवा होईना. शेवटी त्यानेच आबांना विचारलं, ‘कुलूप कवा लावनार?’ आबांनी ट्रंकेचं कुलूप काढलं, आतून कोयंड्याला लावलं, किल्ली त्याला दाखवून खिशात टाकली. तेव्हा कुठे तो झोपला. दुसऱ्या दिवशी आबा रजा टाकून त्याला घेऊन एसटीने गेले.

टपालगाडीचं गाणं लागलं, की मला लंडनचा रस्ता कधीच दिसला नाही. मला फलटणच्या पुढची उघडीबोडकी माळरानं दिसतात. आणि खिडकीशी बसलेला, दर थांब्याला ‘आलं का?’ विचारणारा तो पोरगा. हे मी पाहिलेलं नाही, आबांनी सांगितलेलंही नाही. पण कॅसेट तिथे आली की दिसतंच.

आणीबाणीत आबांच्या तुरुंगात मिसाखालची बडी मंडळी होती. नंतर त्यांच्यातल्या काहींची पुस्तकं आली. मी ती हौसेने आणली आणि पानं चाळली. चहा, वर्तमानपत्रं, वादविवाद, योगासनं सगळं होतं. पहारेकरी ‘पहारेकरी’ एवढाच होता. छळणाऱ्यांची नावं मात्र राहतात. अंदमानातला बारी आमच्या पिढीला तोंडपाठ आहे. माझी ही तक्रार तशी कुणाच्याच दप्तरी नोंदवण्यासारखी नाही. पण शिपायासाठी अख्खं एक गाणं राखून ठेवणारा माणूस भेटला, म्हणून मी बेलॅमीची झाले, हे खरं.

आबा निवृत्त झाल्यावर मी त्यांना एकदा कॅसेट ऐकवली. गाणं थांबवून थांबवून मराठीत सांगत होते. ते आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत होते. लॉर्ड सिडनीपर्यंत आले, तेव्हा माझाच गळा भरून आला होता. आबांनी डोळे उघडले आणि विचारलं, ‘त्या शिपायाची रजा मंजूर होती का?’

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. परस्पर मंत्र्याला भेटला म्हणजे वरचा साहेब चिडला असणार. भत्ता मिळाला का. बाळाच्या दुधाचे पैसे कुणी दिले. ‘माझी ती रजा बिनपगारी झाली होती,’ एवढंच म्हणाले आणि पाणी मागितलं.

पुढे मी नॉरिचला गेले तेव्हा किल्ला पाहिला. टेकडीवर चौकोनी, अंगावर येणारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तिथे तुरुंग होता, आता संग्रहालय आहे. फाशी गेलेल्यांच्या चेहऱ्यांचे साचे काचेआड ठेवलेत. मी मनात आबांचेच प्रश्न घेऊन फिरत होते, त्यामुळे प्रेमकथेची जागा पाहायला आलेय असं मला एकदाही वाटलं नाही.

भाच्याला बोलावून मी गाणी क्रमाने लावून घेतली आणि त्याला शेजारी बसवलं. तो पोरगा वाईट नाही, शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, ‘पुढे काय झालं?’ बेलॅमी पुढे फार काही सांगत नाही, म्हणून पुढचं मीच सांगितलं. फेब्रुवारी 1788 मध्ये त्यांचं सिडनीत लग्न लागलं. हेन्री तिथे चक्क पोलिसात शिरला, मुख्य हवालदार झाला, मग जहाजावरून डुकरं आणल्याच्या भानगडीत ती जागा गेली. सीलच्या शिकारीच्या धंद्यात बक्कळ कमावलं. अकरा मुलं झाली. तिथल्या मूळच्या ज्या गडिगल लोकांच्या जमिनीवर हा सगळा संसार उभा राहिला, त्यांना कुणी कागद दाखवला नव्हता की हुकूम. भाचा म्हणाला, ‘मग बेलॅमीने बरोबर जागी थांबवलं.’ मी म्हटलं, चूक जागी थांबवलं. कारण मधली खरी गंमत राहून गेली.

सिम्पसनची बातमी छापून आल्यावर लोक हळहळले होते. वर्गणी काढून वीस पौंडांचं सामान या जोडप्यासाठी घेतलं गेलं. कपडे, पुस्तकं, संसाराचं काय काय. ते ‘अलेक्झांडर’ जहाजावर चढलं आणि वाटेत गायब झालं. इंग्लंडच्या कायद्याने अशा शिक्षा झालेल्या माणसाला दावा लावता येत नसे. पण जुलै 1788 मध्ये हेन्री आणि सुझॅना यांनी सरळ कप्तान डंकन सिंक्लेअरवर दावा लावला आणि न्यायाधीश डेव्हिड कॉलिन्सने तो चालवून घेतला. त्या वसाहतीतला तो पहिला दिवाणी खटला. दोन कैदी विरुद्ध जहाजाचा कप्तान. कैदी जिंकले, पंधरा पौंड भरपाई.

याचं आख्यान कुणीतरी लावायला पाहिजे. बुवा मराठीच हवेत. पूर्वरंगात कायदा सांगायचा, की कैद्याला स्वतःचं असं काही नसतंच. उत्तररंगात साक्षी काढायच्या, पार्सलची यादी टाळाच्या ठेक्यावर म्हणायची, आणि कप्तानाची फजिती झाली की सगळ्यांनी गजर करायचा. आणि बुवांना आधीच बजावून ठेवायचं, की मध्ये कुठेतरी थांबून त्या शिपायाच्या रजेचंही विचारून घ्या.