चार रकान्यांची वही

ती नववीच्या वर्गात खिडकीशी बसते. अंगावर ब्राऊन पेपर, शिवणीला चिकटपट्टी, कोपरे हाताळून हाताळून मऊ पडलेले. एका पानावर एकच शब्द आणि खाली चार रकाने: घरात, गणितात, विज्ञानात, इतिहास-भूगोलात.

अवघड शब्दांचं तिला फारसं कौतुक नाही. 'प्रकाशसंश्लेषण' आला की पोरं आपणहून सावध होतात, विचारतात, घोकतात. ती दबा धरून असते ती ओळखीच्या शब्दांसाठी. पोरं तिथं न अडखळता वाचतात आणि न अडखळता चुकतात.

'पेशी'चंच घ्या. आमचा बीड जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याच्या कचेरीची भाषा आमच्या जिभेवर अजून आहे. पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. बांधाच्या भांडणात आज्याला पेशीला जाताना पाहिलेलं पोरगं शरीरातल्या पेशींबद्दल वाचतं, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काय उभं राहत असेल? तो 'खंड'ही असाच. घरात पावसाचा खंड, कापूस माना टाकतो तो. भूगोलात आशिया खंड, भूमितीत रेषाखंड. वहीनं तिघांना एका पानावर शेजारी बसवलं, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, म्हणजे तुटलेला भाग!" तो अर्थ सगळ्यांना पुरतो की नाही, यावर तास संपेपर्यंत वाद चालला. मला त्या वादाचं मोल फार वाटतं.

सुरुवातीला ती मराठीच्या तासालाच उघडायची आणि उपाशी राहायची. मराठीच्या तासाला अपूर्णांकाचा छेद तिला कुठून भेटणार? मग ती गणिताच्या, विज्ञानाच्या टेबलावरही जाऊ लागली. ज्या विषयाचा शब्द, त्याच विषयाच्या शिक्षकानं तो उलगडायचा. तेव्हाच पोराला पुढचा परिच्छेद स्वतःच्या बळावर वाचता येतो.

तिच्या घराण्यातली थोरली अंबाजोगाईची. दासोपंतांनी (1551–1615) वेदान्तातलं पंचीकरण सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर ओव्यांत लिहून काढलं, ती 'पासोडी'. गहन गोष्ट लोकांच्या भाषेत आणून डोळ्यांपुढे पसरायची, ही या मातीतली जुनी शिकवण.

दिवाळी सरली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली. काही पोरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांमागं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर जातात. वर्ग अर्धा होतो. वहीतल्या घराच्या रकान्यात मात्र परतलेल्या पोरांचे शब्द दाटीनं बसतात: पाचट, वाढे, मोळी, कोप. ते आधी नुसते बोलले जायचे. आता ते लिहिलेही जातात, शुद्धलेखनासकट.

तिचं सगळ्यात खोल पान 'कार्य'चं. बल वरच्या दिशेला, विस्थापन आडवं, दोन्हींत काटकोन. म्हणून मोळी डोक्यावर घेऊन सपाट रानातून एका चालीनं कितीही चाललं, तरी तिला पेलून धरणाऱ्या बलानं केलेलं कार्य शून्य. हे वाचून वसतिगृहातली एक मुलगी उभी राहिली. "सर, आई दिवसभर मोळ्या वाहते. ते काम नाही?" वर्ग गप्प झाला. मी वही तिच्या हातात दिली. तिनं घराच्या रकान्यात लिहिलं: काम, म्हणजे आई करते ते. विज्ञानाच्या रकान्यात: कार्य, म्हणजे बल आणि बलाच्याच दिशेनं झालेलं विस्थापन यांचा गुणाकार. दोहोंच्या मध्ये रेघ जरा जाड ओढली. मग थांबून म्हणाली, "पण ट्रकला फळी लावून मोळी वर चढवतात, तेव्हा तर वर जाते ना?"

जाते. तिथं कार्य होतं. काढायचं तर मोळीचं वजन आणि ट्रकची उंची लागणार. त्यांची जागा तिनं पेन्सिलीनं आखून मोकळी ठेवली. रविवारी आईचा फोन येतो.