पाणी थांबतं का बघ

भात झोडून घरात आला की मागोमाग उंदीर येतात, हे आमच्या मासवणात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ते वॉशिंग मशीनमध्येही शिरतात, हे मात्र मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तेही बाबांमुळे.

झालं असं, की दिवाळीनंतर आमचं टॉप लोडिंग मशीन बिघडलं. बिघाड मोठा मजेशीर. पाणी भरायला सुरुवात व्हायची ती संपायचीच नाही. सगळ्यात खालची लेव्हल ठेवा, दोनच टॉवेल टाका, पाणी आपलं चढतंच आहे. कपडे घुसळायचं नाव नाही. शेवटी आई धावत जाऊन नळ बंद करायची आणि मग तांब्यातांब्याने पाणी उपसत बसायची. पालघरहून मेकॅनिक आला, पाच मिनिटं बटणं दाबली आणि म्हणाला, "बोर्ड गेलाय. साडेपाच हजार. त्यापेक्षा नवीनच घ्या." मी मनातल्या मनात नवीन घेऊनही टाकलं.

बाबांना विचारायचं सुचलंच नाही. हे लिहितानाही लाज वाटते. तीस वर्षं तारापूर एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर होते ते! पण काचबिंदूने नजर अगदीच अधू झाली, तेव्हा त्यांनी हत्यारांची पेटी माळ्यावर टाकायला लावली. त्यानंतर घरात काही बिघडलं की आम्ही त्यांच्या मागे, हळू आवाजात बोलू लागलो. त्यांना उगाच त्रास नको म्हणून. (असं आपण म्हणतो.)

त्या संध्याकाळी आई पुन्हा एकदा मशीन लावून बघत होती. पाणी चढत होतं आणि नेमकी लाईट गेली. अंधारात ओटीवरून बाबांचा आवाज आला, "पाणी थांबलं बघ."

"लाईट गेली बाबा. थांबणारच."

"थांबणारच असं नाही. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, त्याला लाईट लागत नाही. व्हॉल्व्ह अडकला असता तर अंधारातही पाणी चालूच राहिलं असतं. म्हणजे व्हॉल्व्ह चांगला आहे. टब भरला हे मशीनला कळत नाहीये. कळवणारी नळी बघ आधी, बोर्ड मागाहून."

ही कुठली नळी बुवा? मग त्यांनी समजावलं. पेला उलटा करून बादलीत दाबला की आतली हवा दाबली जाते. टबच्या तळाशी तसाच एक बंद कप्पा असतो. पाणी चढलं की त्यातली हवा दाबली जाते आणि तो दाब एका बारीक नळीतून वर पॅनेलमधल्या सेन्सरला पोचतो. नळीला भोक पडलं तर हवा निसटते, आणि मशीनला वाटतं टब रिकामाच आहे. ज्या मासवणातून सूर्या नदीचं पाणी पंपाने उचलून थेट वसई-विरारला पाठवतात, तिथे आमच्या मशीनला हातभर पाणी मोजता येईना!

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ बंद केला, प्लग काढला, टब उपसून कोरडा केला. बाबा शेजारी पाटावर बसले. "कपॅसिटरला हात लावू नकोस, प्लग काढला तरी त्यात करंट साठून असतो," अशी ताकीद झाली. डिसमिसने मागचं झाकण काढलं. नळी सापडली. वरपासून खालपर्यंत बघितली. अगदी धडधाकट!

"नळी चांगली आहे, बाबा." माझा आवाज थोडा पडलाच.

"दे बघू माझा हात तिथे."

मी त्यांचा हात धरून नळीवर नेऊन ठेवला. ते बोटं फिरवत फिरवत सावकाश खाली गेले. तळाजवळ अंगठा थांबला. "इथे." नळीची टबाकडची बाजू. मला दिसणं शक्यच नव्हतं, आणि मी हात लावून बघितलंच नव्हतं. दोन बारीक दातांच्या खुणा. उंदीर!

नळीचा तुकडा खिशात घालून पालघर गाठलं. माशांच्या टाकीत हवा सोडायला वापरतात ती नळी बरोब्बर त्याच मापाची मिळाली, चाळीस रुपयांत. बसवण्याआधी बाबांनी एका टोकाला बोट लावून दुसरीकडून फुंकायला लावलं. हवा कुठे निसटत नाही ना बघायला. आणि नळी जोडायची ती टब रिकामा असतानाच, नाहीतर कप्प्यात हवा नीट अडकत नाही आणि माप चुकतं. शेवटी मशीनच्या तळाला बारीक तारेची जाळी ठोकली. (ती पहिल्या दिवशीच लावायला हवी होती. तुमच्याही मशीनचा तळ उघडा असेल तर आजच वाकून बघा.)

मशीन लावलं. पाणी चढलं, खुणेपाशी आलं. मी आत डोकावून बघत होतो, पण बाबा माझ्याआधी "झालं" म्हणाले. मग पाणी थांबलं आणि टॉवेल फिरायला लागले. त्यांनी काय ऐकलं कोण जाणे.

हत्यारांची पेटी आता बाबांच्या खाटेखाली असते. काल आईने बंद पडलेला मिक्सर माझ्यासमोरून नेऊन त्यांच्यापुढे ठेवला. माझ्याकडे बघितलंही नाही.

असो. कपडे वाळत घालायचे आहेत.