खुलताबादच्या शिवारातला पहारा

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याने आपण निघालात, की पंधराएक किलोमीटरवर देवगिरीचा डोंगर समोर उभा राहतो. त्याचा खालचा भाग चहूबाजूंनी तासून काढलेला आहे आणि भोवती खडकात खोदलेला खंदक आहे. यादवांची ही राजधानी. १३२७ साली मुहंमद तुघलकाने दिल्लीचे तख्त येथे हलवले आणि गावाचे नाव दौलताबाद ठेवले. विद्यार्थीदशेत आम्ही हा किल्ला किती वेळा चढलो याची गणती नाही. अंधेरी नावाचे ते काळेकुट्ट भुयार, वटवाघळांचा उग्र वास, आणि वर बारादरीत पोहोचल्यावर अंगावर येणारा वारा अजून आठवतो.

गेल्या जानेवारीत, संक्रांत उलटल्यावरच्या शनिवारी, त्याच महाविद्यालयीन गिरिभ्रमण मंडळातले आम्ही अकरा जण पन्नास वर्षांनी पुन्हा तेथे गेलो. एकही जण वर चढला नाही. हत्ती हौदाच्या बाजूला सावली धरून आम्ही बसलो, डबे उघडले, जुन्या गोष्टी निघाल्या आणि दोन तास कसे गेले ते कळले नाही. त्या दोन तासांची किंमत संध्याकाळी मोजावी लागली. ती हकीकत पुढे येईल.

आमची ओळख आधी करून देतो. सगळे सत्तरी ओलांडलेले. तिघी आमच्या वेळच्या विद्यार्थिनी, म्हणजे आता आज्या. दोघांचे गुडघे बदललेले, चौघांना मधुमेह, त्यांतल्या एकाला इन्सुलिन, आणि एकाच्या छातीत पेसमेकर. अकरावा आमचा कॅप्टन. मंडळाचा तो प्रमुख होता म्हणून हे नाव पडले ते कायमचे. त्याला चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. सोबत वहिनी, म्हणजे त्याची पत्नी. खरे सांगायचे तर हे शिबिर वहिनींसाठी होते, आणि हे त्यांना आम्ही सांगितले नव्हते.

दिवाळीत आम्ही तिघे कॅप्टनला भेटायला गेलो होतो. तो आमच्याशी अदबीने बोलला, नावे मात्र घेतली नाहीत. चहा देताना वहिनी सहज म्हणाल्या, “भावजी, दोन वर्षांत मी एक रात्र सलग झोपलेले नाही. हे दोन-तीनला उठतात आणि दाराची कडी काढू लागतात. माझा कान सदा कडीकडे.” त्यांनी तक्रार केली नव्हती, पाऊस पडत नाही म्हणावे तसे सांगितले होते. परतताना रिक्षात कोणी फारसे बोलले नाही.

वाचकहो, आपल्या घरी असा रुग्ण असेल तर त्या कडीचा आवाज आपणांस वेगळा सांगायला नको. अशा रुग्णाला रानात मुक्कामाला नेणे शहाणपणाचे आहे का, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. तो आमच्याही मनात होता. परदेशातल्या त्याच्या मुलाने फोनवर स्पष्ट विरोध केला, आणि त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. कॅप्टनच्या डॉक्टरांनीही सांगितले, की अनोळखी जागी अशा रुग्णांचा गोंधळ वाढतो, सांजवेळी तर अधिकच. त्यांनी परवानगी दिली ती अटींवर: एकच रात्र, औषधांच्या वेळा बदलायच्या नाहीत, नेहमीची उशी, नेहमीची चादर आणि घरातला रात्रीचा दिवा सोबत हवा, खिशात नाव, पत्ता व दूरध्वनी लिहिलेले कार्ड, आणि वहिनी नजरेच्या टप्प्यात.

जागेचा शोध आम्ही महिनाभर घेतला. म्हैसमाळच्या पायथ्याशी, खुलताबादच्या शिवारात, एका शेतकऱ्याकडे हुरड्याच्या दिवसांत राहुट्या उभारतात, असे कळले. आमच्यातले दोघे आधी जाऊन पाहून आले. त्यांनी देखावा पाहिला नाही. मोटार थेट राहुटीपर्यंत जाते का, जमीन सपाट आहे का, कमोडचे शौचालय किती पावलांवर आहे, रात्री वाटेवर उजेड असतो का आणि फोनला रेंज मिळते का, एवढेच तपासले. खुलताबाद तालुक्याचे ठिकाण असल्याने ग्रामीण रुग्णालय जवळ आहे. १०८ ची रुग्णवाहिका आहे. आणि मोठे दुखणे निघालेच तर शहरातले घाटी रुग्णालय तासाभरावर. राहुट्यांचे ताणलेले दोर रात्री दिसत नाहीत आणि म्हातारा माणूस त्यांनाच अडखळतो, म्हणून प्रत्येक दोराला पांढरी फडकी बांधायला सांगितली. जमिनीवर गाद्या घालायला आम्ही नकार दिला. गुडघे हे एक कारण. दुसरे मण्यार. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला दंश करतो. दंश इतका बारीक, की पुष्कळदा झोपलेल्याला कळतही नाही. तेव्हा बाजा मागवल्या आणि मच्छरदाण्यांच्या कडा गादीखाली खोचल्या. शेतकरी हसला, पण बाजा दिल्या.

आता ती चूक. हत्ती हौदापाशी दोन तास गेले, पुढे दौलताबादच्या घाटातल्या जुन्या दरवाज्यात वाहने अडकली, आणि शिवारात पोहोचलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. मावळतीचा उजेड, नवी जागा, सामानाची धावपळ आणि अकरा जणांचा गलका, सारे एकाच वेळी कॅप्टनवर कोसळले. तो गाडीतून उतरेना. “घरी चला, आई वाट पाहते,” हेच पुन्हा पुन्हा. त्याचा आवाज चढला, वहिनींचा हात त्याने झटकला. आमच्यातला एक जण त्याला समजावू लागला, की अरे, आई जाऊन तीस वर्षे झाली. ते ऐकून तो रडू लागला. स्मृतिभ्रंश झालेल्याला मृत्यूची बातमी पुन्हा सांगणे म्हणजे त्याला नवे सुतक देणे. हे आम्हांला ठाऊक होते, तरी ऐनवेळी जीभ घसरली.

वहिनींनी आम्हां सर्वांना दूर व्हायला सांगितले. गाडीतला दिवा लावून त्या शेजारी बसल्या, थर्मासमधला चहा दोघांनी घेतला, आणि पाऊण तासाने ते दोघे उतरले. तोवर राहुटीत घरचा दिवा लागला होता. दुपारी तीनच्या आत पोहोचलो असतो तर उजेडात त्याने जागा पाहिली असती, एक फेरी मारली असती. आपण असा बेत आखाल तेव्हा वाटेवरचे प्रेक्षणीय स्थळ दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

रात्री आगटी पेटली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ज्वारीची कोवळी कणसे भाजून, हातावर चोळून काढलेला हुरडा, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ. मराठवाड्यात थंडीचे याहून मोठे सुख नाही. इन्सुलिन घेणाऱ्या मित्राला मात्र आम्ही एक गोष्ट बजावली होती: सुई आधी टोचून हुरड्याची वाट पाहत बसायचे नाही. आगटीचे जेवण वेळेवर येत नाही, आणि मधल्या काळात साखर धोकादायक खाली जाऊ शकते. ताट समोर आल्यावरच त्याने इन्सुलिन घेतले. हुरडा कोवळा असला तरी ज्वारीच, साखर वाढवतोच. गुळाचा खडा त्याने शेजाऱ्याच्या ताटात टाकला आणि शेजाऱ्याने मुकाट्याने खाल्ला.

याच ज्वारीवरून बोलणे १९७२-७३ च्या दुष्काळाकडे वळले. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली होती आणि महाविद्यालयांतून शिबिरे निघत होती. आमचे मंडळही त्या उन्हाळ्यात एका गावी दुष्काळी कामावर राहिले. मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी तेव्हा लोक खात होते आणि कामावरच्या मजुरांना सुकडी वाटली जाई. शाळेच्या ओसरीवर सुकडीची पोती रचलेली असत. त्यांवर रात्री पहारा लागे, आणि त्याचा तक्ता कॅप्टन लावी: दोन-दोन तासांची पाळी, दोघा-दोघांची जोडी, पाळी सोडताना पोती मोजून द्यायची.

तोच तक्ता आम्ही या वेळी काढला. पेसमेकरवाला आणि इन्सुलिनवाला वगळून आठ जण उरले. दहा ते सहा, चार पाळ्या. वहिनींना शेजारच्या राहुटीत, पडदा उघडा ठेवून, बाज दिली. त्या तयारच होईनात. “तुम्हांला त्यांचे कळायचे नाही,” म्हणाल्या. अखेर, काहीही झाले तरी उठवू, असा शब्द घेऊन त्या आडव्या झाल्या.

थंडी चांगलीच होती. दोघांनी शेगडी आत घेऊया म्हटले. ते ठामपणे नाकारावे लागले. बंद राहुटीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि झोपेतला माणूस जागा होत नाही. अंथरूण उबवायला गरम पाण्याच्या पिशव्या होत्या, पण मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांना त्या दिल्या नाहीत. कातडी भाजली तरी त्यांना कळत नाही. त्यांच्यासाठी लोकरीचे मोजे आणि दोन घोंगड्या. रात्री उठावे लागू नये म्हणून आपल्यातले बरेच जण प्रवासात दिवसभर पाणीच टाळतात. तसे करू नये. वयोमानाने तहान उशिरा कळते. दिवसा पुरेसे प्यावे, सूर्यास्तानंतर कमी करावे; हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांनी सांगितलेले.

दोन ते चारची पाळी माझी आणि आमच्या एका वर्गभगिनीची, निवृत्त शिक्षिकेची. मृग नक्षत्र पश्चिमेकडे उतरले होते. तीनला दहा मिनिटे असताना कॅप्टन उठून बसला, पाय खाली सोडले आणि मच्छरदाणीशी झटू लागला. मी वहिनींना हाक मारणार होतो. बाईंनी मला खूण करून थांबवले. तिने मच्छरदाणी वर केली, त्याच्या पायांत चपला सरकवल्या, खांद्यावर घोंगडी टाकली. क्षणभर तो बसून राहिला, तेही बरे झाले, कारण झोपेतून एकदम उभे राहिले की रक्तदाब उतरून तोल जातो. मग तो निघाला. आम्ही दोघे दोन बाजूंनी, बॅटरीचा उजेड त्याच्या पुढ्यात धरून.

बांधापर्यंत तो गेला आणि थांबला. माझ्याकडे वळून विचारले, “पोती मोजली का?”

मी गप्प झालो. बाई म्हणाल्या, “मोजली. चाळीस आहेत.”

“चाळीसच हवीत,” तो म्हणाला. “पुढची पाळी कोणाची?”

“आमचीच. तुम्ही पडा आता.”

तो परत वळला. लघवी करून आला, बाजेवर पडला, आणि पाच मिनिटांत घोरू लागला. वाद घातला नाही, साल कोणते ते सांगितले नाही, हात धरून ओढले नाही. तासभराची झटापट असे वहिनी ज्याचे वर्णन करीत, ते वीस मिनिटांत आटोपले. प्रत्येक रात्री असे होईल याची हमी कोणीही देऊ शकत नाही, हेही जोडून सांगतो.

वहिनी सकाळी पावणेसातला उठल्या. आधी रागावल्या, उठवले का नाही म्हणून. मग घड्याळ पाहिले आणि तोंड धुवायला गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत.

ऊन अंगावर आल्याशिवाय कोणी फिरायला निघायचे नाही असे ठरले होते. कडाक्याच्या थंडीत पहाटेचा रक्तदाब चढा असतो. नऊला गाड्यांनी म्हैसमाळला गेलो. शहरापेक्षा ही जागा सुमारे पाचशे मीटर उंच, रस्ता थेट माथ्यावर जातो आणि वर विस्तीर्ण पठार आहे. पावसाळ्यात तेथे हिरवाई आणि धुके असते. जानेवारीत गवत पिवळे पडलेले असते, पण चालायला जागा सपाट. गुडघे बदललेल्यांनी काठी घेऊन सावकाश फेरी केली, काहींनी गिरिजामातेचे दर्शन घेतले. वेरूळला दोन गट झाले. एका गटाने कैलास लेणे पाहिले. कॅप्टन आणि वहिनी झाडाखाली बसले व पेरू खाल्ले. आपण जाल तेव्हा एवढे ध्यानात ठेवा, की वेरूळ मंगळवारी बंद असते, आणि चौतीस लेणी एका दिवसात पाहण्याचा हट्ट आपल्या वयाने धरू नये. कैलासाच्या प्रांगणात अर्धा तास बसलात तरी भरून पावाल.

परतल्यावर दोन दिवस कॅप्टन अस्वस्थ होता. दुपारी झोपला, रात्री जागला. त्याच्या मुलाने फोनवर ते आम्हांला ऐकवले आणि आम्ही ऐकून घेतले. वहिनींना मी विचारले, पुन्हा न्यावे का? त्या म्हणाल्या, “रानात नको. पहारा मात्र हवा.”

तेव्हापासून शहरात राहणारे आम्ही पाच जण पंधरवड्यातून एका शनिवारी, पाळीपाळीने, त्यांच्या दिवाणखान्यात झोपायला जातो. वहिनी आतल्या खोलीत दार लावून झोपतात. येता शनिवार माझा आहे. पोती चाळीस, हे मी वहीत लिहून ठेवले आहे. एकदा चुकून पस्तीस म्हणालो, तर तो पहाटेपर्यंत शोधत बसला होता.