पिवळ्या त्रिकोणाखालच्या अनोळख्यास

प्रति,
अननोन डिव्हाइस,
मुक्काम डिव्हाइस मॅनेजर, 'अदर डिव्हाइसेस'च्या रांगेत.



जुन्या लॅपटॉपवर विंडोज नव्यानं टाकली की तुझी गाठ ठरलेली. पडदा उजळतो, घड्याळ दिसतं, सगळं सुरळीत झालंसं वाटतं. मग लक्षात येतं की आवाज नाही, वाय-फाय नाही, पडद्यावरची अक्षरं बेढब झालीत. डिव्हाइस मॅनेजर उघडावं तर तू पिवळा त्रिकोण लावून बसलेला. दुकानदार मान हलवतो, "जुनं झालंय साहेब, नवीन घ्या." माझा राग तुझ्यावर नाही, या वाक्यावर आहे.

कारण तू अनोळखी नाहीसच. विचारणाऱ्याला तू स्वतःची पूर्ण ओळख सांगतोस. तुझ्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग यादीतून हार्डवेअर आयडीज, एवढंच करायचं. पीसीआयवर बसला असशील तर 'व्हेन'पुढची चार अक्षरं म्हणजे तुझं आडनाव, 'डेव्ह'पुढची चार म्हणजे नाव, आणि 'सबसिस'च्या शेवटच्या चारांत तुझं सासर. चिप जन्मते रिअलटेकच्या घरी, १०ईसी. नांदायला जाते डेलकडे, १०२८, किंवा एचपीकडे, १०३सी. एनव्हिडिया १०डीई. एटीआय १००२, ती कंपनी एएमडीनं २००६ मध्ये घेतली, तरी ग्राफिक्स कार्डांनी आडनाव बदललेलं नाही. इंटेलनं तर ८०८६ मिळवला, म्हणजे १९७८च्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचाच आकडा. या क्रमांकांची भली मोठी यादी चेक प्रोग्रामर मार्टिन मारेश आणि त्यांच्या सोबत्यांनी सर्वांसाठी खुली ठेवली आहे. तेव्हा तुझं नाव कुणाला ठाऊक नाही, हे खरं नाही. समोरच्या विंडोजकडे तुझ्याशी बोलणारा ड्रायव्हर नाही, इतकंच.

तुझी सोंगं मात्र भारी. जुन्या डेल लॅपटॉपवर सगळे ड्रायव्हर टाकून झाले तरी एक त्रिकोण हटत नाही. आयडी पाहावा तर 'एसीपीआय', पुढे 'एसएमओ८८००'. हा निघतो लॅपटॉप हातातून पडतोय हे ओळखणारा सेन्सर. पडण्याची चाहूल लागली की हार्ड डिस्कचं डोकं तबकडीवरून बाजूला घ्यायचं, हे त्याचं काम. पण जुन्या लॅपटॉपमध्ये लोक आता हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवतात, आणि एसएसडीत फिरणारी तबकडीच नाही. ज्याला सांभाळायचं तेच निघून गेलं, पहारेकरी मात्र तक्रार नोंदवतोय! अशा वेळी तुला तसाच बसू द्यावा. प्रत्येक त्रिकोण म्हणजे बिघाड नव्हे, हे नवशिक्याला कुणी सांगत नाही आणि तो बिचारा रात्र घालवतो.

'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' हे तुझं दुसरं सोंग. फार जुन्या मशीनवर हा बहुधा टेलिफोनच्या तारेचा मोडेम असतो, ज्याची आज कुणालाच गरज नाही. नंतरच्या मशीनवर त्याच नावाखाली इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन बसलेलं असतं. म्हणून नाव वाचून ड्रायव्हर शोधू नये, आयडी वाचून शोधावा. 'बेस सिस्टम डिव्हाइस' नावाचे दोन-तीन जण ओळीनं दिसले आणि आडनाव ११८० निघालं, तर ते रिकोचं मेमरी कार्ड वाचणारं यंत्र. 'एसएम बस कंट्रोलर' दिसला की समजावं, चिपसेटची फाइल टाकायची राहिली. गंमत म्हणजे इंटेलच्या त्या चिपसेट पॅकेजात खरा ड्रायव्हर फारसा नसतोच. बहुतेक साध्या मजकुराच्या फाइली असतात, ज्या विंडोजला सांगतात की घाबरू नकोस, हा अमुक आहे. म्हणून चिपसेट सगळ्यांत आधी टाकावा. निम्मे त्रिकोण तिथेच गळतात.

त्रिकोणामागचा कोडही बघावा. २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. हा सगळ्यांत सोपा. १० म्हणजे ड्रायव्हर आहे पण तू उठत नाहीस. बहुतेकदा ड्रायव्हर दुसऱ्याचा किंवा चुकीच्या आवृत्तीचा असतो. ४३ म्हणजे तू स्वतःच अडचण कळवलीस. इथे मात्र चिप गेल्याची शंका घ्यायला जागा आहे. आणि यादीत तू मुळीच नसशील, तर ड्रायव्हर शोधत बसण्यात अर्थ नाही. आधी बायोसमध्ये बंद केलंय का ते पाहावं, केबल बसली आहे का ते पाहावं, आणि जुन्या लॅपटॉपच्या कडेचं ते छोटं वायरलेस बटण सरकवून पाहावं. शंका उरलीच तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवावं. तिथे आवाज आला, वाय-फाय लागलं, तर तू धडधाकट आहेस. मात्र तिथे वाय-फाय लागलं नाही म्हणून लगेच मेलं समजू नये. ब्रॉडकॉमच्या बऱ्याच जुन्या कार्डांना लिनक्सवरही वेगळं फर्मवेअर द्यावं लागतं.

सर्वांत छळतोस तो नेटवर्क कार्डाच्या रूपात. ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेट ड्रायव्हरशिवाय नाही. यावर हल्ली सोपा उतारा आहे: अँड्रॉइड फोन केबलनं जोडावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करावं. विंडोज १० त्याला बहुधा लगेच ओळखते. मग मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये तुझा आयडी टाकून शोधावं. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रामांकडे फिरकू नये. त्यातले पुष्कळ आधी तुझ्याबद्दल भीती घालतात, मग पैसे मागतात, आणि जाताना दोन नको ते पाहुणे मागे ठेवतात.

एका बाबतीत तुझ्यापुढे हात टेकावे लागतात. ३२ बिटच्या विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटवर चालत नाही, काही केलं तरी नाही. विंडोज ११ला ३२ बिटची आवृत्तीच नाही. चांगला चालणारा स्कॅनर केवळ ६४ बिट ड्रायव्हर कधी निघाला नाही म्हणून माळ्यावर जातो. तिथेही लिनक्सवरचं सेन हे सॉफ्टवेअर पुष्कळ जुन्या स्कॅनरांना जागवतं, हे अनेकांना माहीत नसतं.

खरा दोष कुणाचा म्हणशील तर, काही मेगाबाइटच्या फाइली संकेतस्थळावरून काढून टाकणाऱ्यांचा. इंटेलनं २०१९ मध्ये आपल्या जुन्या मदरबोर्डांचे ड्रायव्हर आणि बायोस उतरवायला घेतले. त्या फाइली ठेवायला असा कितीसा खर्च येणार होता? त्यात १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा संपला. कितीतरी चालती मशीन आता हात बदलतील, पुन्हा फॉरमॅट होतील, आणि तू पुन्हा पुन्हा दिसशील.

म्हणून हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. जुनं मशीन फॉरमॅट करण्याआधी, ते चालू असतानाच, त्यातले ड्रायव्हर बाहेर काढून ठेवा. विंडोज १०मध्ये अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पीएनपीयूटिलची एक्स्पोर्ट-ड्रायव्हर आज्ञा दिली की ते एका फोल्डरमध्ये येतात. विंडोज ७ असेल तर सिस्टम३२मधल्या ड्रायव्हरस्टोअरमधलं फाइलरिपॉझिटरी हे फोल्डर उचलून ठेवा. पेन ड्राइव्हवर त्या मशीनचं मॉडेल लिहून ठेवा, आणि मशीन दुसऱ्याला दिलंत तर पेन ड्राइव्हही सोबत द्या.

तुझा,
एक जुनी मशीन दुरुस्त करणारा