चिवल्यावरची आंघोळ

भाऊबीज उरकली आणि दुसऱ्या दिवशी सासुरवाडीचे सगळे लटांबर मालवणच्या चिवला किनाऱ्यावर निघाले. किनारा चंद्रकोरीसारखा, तोंडाशी खडक, म्हणून लाटा आत येईपर्यंत नरम पडतात. डिसेंबरात येथे जलतरणाच्या स्पर्धा भरतात त्या उगीच नव्हेत.

नातू दादरच्या महात्मा गांधी तरणतलावात शिकलेला. येथे मात्र गुडघाभर पाण्यात थबकून म्हणाला, “आजोबा, ह्याला भिंत कुठंय?”

प्रश्न रास्त होता. मला तर पोहताच येत नाही.

तोच आमच्या हिने पदर खोचला आणि बघता बघता गळाभर पाण्यात गेली. मी ओरडलो. मेहुणे वाळूत शेंगा सोलीत होते. “भावोजी, गप ऱ्हवा. पाठीक सुके नारळ बांधून बावडीत शिकलेली ती. आमच्या फुडे जाय.”

चाळीस वर्षांच्या संसारात मला याचा पत्ता नव्हता!

परत आल्यावर विचारले, तर केस पिळीत म्हणाली, “तेराव्या वर्षी आईनं सांगितलं, आता पुरे. आणि तुम्ही कधी विचारलंत?”

मग तिने नातवाला हातांवर उताणे निजवले. “मान सैल सोड. खारं पाणी जड असतं, ते वर धरतं.” (गोड्यापेक्षा शेकडा अडीच भाग जड, हे मला पुस्तकातून ठाऊक, तिला पाठीतून.) पोराचे कान बुडाले, डोळे आभाळाला लागले. तिने हात केव्हा काढून घेतले, त्याला कळलेच नाही.

मी लेंगा दुमडून काठावरच उभा होतो.

“या,” ती म्हणाली.