ट्रकच्या डावीकडे

सायकल चालवताना मला सगळ्यात जास्त भीती सिग्नलला थांबलेल्या ट्रकची वाटते. त्याच्या डावीकडे सायकलपुरती जागा दिसते, आपण शिरतो. उंच केबिनमधून ड्रायव्हरला नेमकी तीच जागा दिसत नाही. ट्रक डावीकडे वळला की त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. आतून, फुटपाथच्या बाजूने कापत येतात. वेग चालण्याइतकाच असतो. हेल्मेट तिथे फारसं कामाचं नाही.

हायवेवर उलट. तिथे मागून येणारा वेग मारतो. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते.

दुसऱ्या दिवशी बातमी येते: 'ट्रकखाली सापडून सायकलस्वार ठार'. जणू तोच जाऊन सापडला.

१९७०च्या दशकात नेदरलँड्समधले पालक 'बालहत्या थांबवा' म्हणत रस्त्यावर उतरले. 'अपघात' म्हणाले नाहीत. पुढे तिथले रस्ते बदलले, सायकलींना वेगळी वाट मिळाली. आपल्याकडे घरातून निघताना 'जपून जा' एवढंच मिळतं. मी ट्रकच्या मागेच थांबते. पण शाळेला उशीर झालेल्या पोराच्या जिवाची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या जपण्यावर कशी टाकायची?