एका हातात मावेल असा

हंपीला आजीसोबत जायचं ठरलं, तेव्हाच बाबांचा डीएसएलआर घरी राहणार हे पक्कं झालं. आजीचे गुडघे दुखरे. पायऱ्यांवर माझा एक हात तिचाच. उरलेल्या हातात मावेल असा कॅमेरा हवा.

सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ फक्त ३०२ ग्रॅमचा, झूम २०० मिमीपर्यंत. मोह झालाच! पण सेन्सर छोटा. रिको जीआर ३ बॅटरीसकट २५७ ग्रॅम, आणि सेन्सर बाबांच्या कॅमेऱ्याएवढाच, एपीएस-सी. झूम नाही, व्ह्यूफाइंडरही नाही; उन्हात स्क्रीन दिसायची मारामार. तरी वापरलेला रिकोच घेतला.

विठ्ठल मंदिरात दगडी रथाजवळ आजी टेकली. म्हणाली, “लांब का उभी गं? जवळ ये की.” २८ मिमीला तेच लागतं. फोटोत रथाचं एकच चाक आलंय, आणि आजी.